एका रोज्याला साठ रोजे? हा हिशोब आला कुठून?

रमजान अर्ध्यावर आला की पुण्यात कोंढव्यापासून मोमिनपुऱ्यापर्यंत एक मेसेज फिरायला लागतो: ‘कोणत्याही कारणाने रोजा मोडला तर बदल्यात सलग साठ रोजे ठेवा. जमत नसेल तर साठ गरिबांना जेवण देऊन मोकळे व्हा. पुढच्या रमजानपर्यंत फेड झाली नाही, तर रोजा कायमचा गेला.’ तीन वाक्यं, तिन्ही चुकीची.

‘कोणत्याही कारणाने’ इथेच गाडी घसरते. आजारी आणि प्रवासी यांच्यासाठी कुराणातल्या सूरह बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतींत सरळ सांगितलंय: सुटले तेवढेच दिवस नंतर पूर्ण करा. एकाला एक, हीच कजा. शुगर एकदम उतरली म्हणून भरदुपारी सरबत प्यावं लागलं, तर कजा एक. रोजा आहे हेच विसरून कुणी पोटभर जेवलं, तर बहुतेक इमामांच्या मते रोजा मोडतच नाही; इमाम मालिक तेवढे त्याचीही कजा सांगतात.

पाळीच्या दिवसांत तर रोजा ठेवायचाच नसतो. त्या दिवसांची नमाज माफ, रोज्यांची मात्र कजा. घरोघरी बायका कॅलेंडरवर तारखांना पेनाने गोल करून ठेवतात, त्या याचसाठी. मेसेजवाल्याच्या हिशोबाने सात दिवस सुटलेल्या मुलीने ४२० रोजे ठेवायचे! हिजरी वर्षात दिवसच ३५४ किंवा ३५५. आकडा मात्र मेसेजला शोभणारा निघाला.

मग साठ आले कुठून? पैगंबरांचे सोबती हजरत अबू हुरैरा यांनी सांगितलेल्या हदीसमधून, म्हणजे पैगंबरांच्या आठवणीतून. रमजानात दिवसा बायकोशी संबंध आला म्हणून एक माणूस घाबराघुबरा पैगंबरांकडे आला. पैगंबर म्हणाले, गुलाम मुक्त कर. नाहीतर सलग दोन महिने रोजे. नाहीतर साठ गरिबांना जेवण. त्याला यातलं काहीच जमणारं नव्हतं. तेवढ्यात खजुरांची टोपली आली, ती त्याला वाटायला दिली. तो म्हणाला, मदिन्यात आमच्याहून गरीब कोण? पैगंबर हसले आणि म्हणाले, घरच्यांनाच खाऊ घाल. भीती पसरवणाऱ्या मेसेजात हे हसणं कधीच येत नाही.

हा कफ्फारा, म्हणजे रोजा मोडल्याचं प्रायश्चित्त. सुन्नी मुसलमानांत कायद्याचे चार मजहब, म्हणजे पंथ. जाणूनबुजून खाल्लं-प्यायलं तरी तो लागतो असं त्यातले हनफी आणि मालिकी म्हणतात. शाफई आणि हंबली फक्त संबंधाच्या बाबतीत. पुण्यात हनफी जास्त, पण कोकणातून आलेली कुटुंबं बहुतांशी शाफई. दोघांना एकच मेसेज कसा चालेल?

शिवाय बहुतेक मजहबांत कफ्फाऱ्याचा क्रम ठरलेला आहे. धडधाकट माणसाला रोजे टाळून थेट जेवणावर येता येत नाही. कजाच्या बदल्यात फिदयाही पुन्हा रोजा न झेपणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी किंवा कायमच्या आजाऱ्यांसाठी: दिवसामागे एका गरिबाचं जेवण, हनफींत साधारण पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत. पुढे तब्येत सुधारली तर कजा आहेच.

‘कायमचा गेला’ हे तर कुणीच म्हणत नाही. उशीर झाला तरी हनफींत फक्त कजा. शाफईंत सबळ कारण नसेल तर वर फिदया. पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशा यांचे सुटलेले रोजे थेट शाबानपर्यंत, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यापर्यंत राहायचे. कजा सलग ठेवायचीही गरज नाही. नीयत, म्हणजे रोज्याचा संकल्प, रात्रीच करावी, दोन्ही ईद आणि बकरी ईदनंतरचे तीन दिवस वगळावेत. पुण्यात डिसेंबर सोयीचा: दिवस लहान आणि तहानही कमी.