फर्नेसचा प्रत्येक आवाज ‘पत्रा तापल्याचा’ नसतो

थंडी सुरू झाली की अमेरिका-कॅनडातल्या मराठी ग्रुपांवर घर गरम करणाऱ्या गॅसच्या फर्नेसबद्दल एक सल्ला फिरू लागतो: ‘फर्नेसमधून येणारे आवाज म्हणजे पत्रा तापतो-निवतो त्याचे, घाबरू नका. फिल्टर बदला, किरकिर असेल तर डब्ल्यूडी-४० (वंगणाचा फवारा) मारा आणि रिकाम्या खोल्यांचे व्हेंट (गरम हवेची तोंडं) बंद ठेवा, गॅसही वाचेल.’ हा सल्ला जसाच्या तसा पाळणं धोक्याचं आहे.

आवाज कसला, हे कळायला तो नेमका कधी येतो ते बघावं लागतं. थर्मोस्टॅट दोन-तीन अंश वाढवा आणि फर्नेसजवळ उभे राहा. आधी धूर बाहेर ओढणारा छोटा इंड्यूसर पंखा घुर्र करत सुरू होतो. मग गॅस पेटवणारा इग्नायटर लालभडक होतो, गॅसचा व्हॉल्व्ह ‘टिक’ करून उघडतो आणि बर्नर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत भरभर पेटत जातात. गरम हवा घरभर ढकलणारा मोठा ब्लोअर त्यानंतर साधारण अर्ध्या मिनिटानं लागतो.

‘पत्रा तापतो.’ ब्लोअर लागताना किंवा थांबल्यावर डक्टमधून (हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळांमधून) ‘ठप्प’ ऐकू आलं, तर हे बरोबर आहे. पण व्हॉल्व्ह उघडल्यावर फर्नेसच्या पोटातून ‘धप्प’ आलं तर नाही, कारण तेव्हा डक्ट अजून गार असतात. गॅस लगेच न पेटता साचतो आणि एकदम भडकतो, त्याचा तो दणका. ज्योत एका बर्नरवरून दुसऱ्यावर नेणारी फट गंजानं बुजलेली असते, गॅसचा दाब कमी असतो किंवा इग्नायटर कमजोर झालेला असतो. असे दणके बसत राहिले तर हीट एक्स्चेंजरला (ज्योतीची उष्णता हवेला देणाऱ्या धातूच्या भागाला) तडा जाऊ शकतो आणि ज्योत पुढच्या बाजूनं बाहेर येऊ शकते. असा आवाज आला की फर्नेसचा स्विच बंद करा, गॅसचा खटका पाइपला आडवा करा आणि तंत्रज्ञाला बोलवा. तो बर्नर काढून ब्रशनं साफ करेल आणि मॅनोमीटर लावून दाब तपासेल. नॅचरल गॅसला हा दाब सहसा ३.५ इंच वॉटर कॉलम (दाबाचं माप) असतो. तुमच्या फर्नेसचा आकडा आतल्या पट्टीवर छापलेला असतो. व्हॉल्व्हवरचा स्क्रू स्वतः पिळू नका.

‘फिल्टर बदला.’ जरूर बदला. पण नवा फिल्टर घातल्यावरच शिट्टी सुरू झाली असेल, तर तो बहुधा १ इंच जाडीचा मर्व १३ असतो (मर्व म्हणजे गाळणी किती बारीक त्याचा आकडा). त्यातून हवा ओढताना ब्लोअरची दमछाक होते. फिल्टर मिनिटभर काढून ऐका. शिट्टी थांबली तर मर्व ८ घाला, आणि बारीक गाळणीच हवी असेल तर ४ इंची फिल्टरची पेटी बसवून घ्या. फिल्टरवरचा बाण ब्लोअरच्या दिशेनं हवा.

‘डब्ल्यूडी-४० मारा.’ हे तर करूच नका. आजच्या बहुतेक मोटारींचे बेअरिंग बंदिस्त असतात, फवारा आत पोहोचतच नाही, आणि ज्वलनशील फवारा बर्नरशेजारी कशाला? किरकिर ब्लोअर लागण्याआधीच येत असेल तर इंड्यूसरची, नंतर सुरू होत असेल तर ब्लोअरची. धातूवर धातू खरवडल्यासारखा आवाज आला तर ताबडतोब बंद करा: बहुधा ब्लोअरच्या चाकाचा स्क्रू सैल होऊन चाक घरंगळलेलं असतं आणि पत्र्याला घासत असतं.

‘व्हेंट बंद ठेवा.’ ब्लोअर सगळ्या व्हेंटांचा हिशोब धरून बसवलेला असतो. वाटा बुजवल्या की डक्टमधला दाब वाढतो आणि ठपठप उलट जास्त होते. हवा कमी पडल्यानं एक्स्चेंजर अति तापतो, त्यावर लक्ष ठेवणारा लिमिट स्विच मधेच बर्नर विझवतो. गॅस वाचण्याची आशा सोडा.

मेसेजमध्ये गुळगुळ आवाजाचा उल्लेखच नाही. पांढऱ्या प्लॅस्टिक पाइपांची, ९० टक्क्यांहून जास्त कार्यक्षमतेची फर्नेस असेल तर तो धुरातून निघून तुंबलेल्या पाण्याचा. फर्नेस बंद करून त्या पाण्याच्या नळीवरचा ट्रॅप (पाणी धरून ठेवणारा भाग) काढा, धुवा, पाण्यानं भरून परत बसवा आणि नळीला सलग उतार आहे ना ते बघा.

कार्बन मोनॉक्साइडला मात्र ना आवाज, ना वास. प्रत्येक मजल्यावर आणि झोपायच्या खोल्यांबाहेर त्याचा अलार्म हवाच. तो वाजला तर खिडक्या उघडत बसू नका, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि बाहेरूनच ९११ ला फोन करा.