रॅम्सगेटचा तो कागद

आज सकाळी पुन्हा तो फोटो फिरत फिरत आला. मुकुट घातलेली कोवळ्या चेहऱ्याची इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया, आणि खाली ओळ: "अठराव्या वर्षी आयतं राज्य पदरात पडलं, नशीब लागतं!" खाली सगळे हसतायत. माझ्या यादीतली चांगली वाचणारी माणसंसुद्धा. त्या "आयतं" शब्दाने डोकं फिरलं, म्हणून लिहायला बसले.

ऑक्टोबर १८३५. इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं रॅम्सगेट. सोळा वर्षांची मुलगी तापाने अंथरुणाला खिळलेली. आजार काही आठवडे चालला, केस गळून गेले, चालायची ताकद राहिली नाही. अशा मुलीच्या बिछान्यापाशी तिची सख्खी आई आणि आईच्या घरचा कारभारी सर जॉन कॉनरॉय एक कागद घेऊन आले. मजकूर साधा होता: मी राणी झाले की कॉनरॉय माझा खासगी चिटणीस होईल. सही कर. ती नाही म्हणाली. पुन्हा दबाव आला, पुन्हा नाही म्हणाली. त्या घरात तिच्या बाजूने एकच बाई होती, तिची जर्मन गव्हर्नेस लेझेन.

खासगी चिटणीस म्हणजे पत्रं लिहिणारा कारकून नव्हे. राणीकडे येणारी प्रत्येक फाइल, मंत्र्यांचं प्रत्येक पत्र, कोणाला भेट द्यायची आणि कोणाला दारातून परत पाठवायचं, सगळं त्याच्या हातून जातं. अठरा वर्षांच्या अननुभवी राणीचा चिटणीस म्हणजे अर्धा राजाच. कॉनरॉयला हे नेमकं ठाऊक होतं.

आता "आयतं" कसं ते बघू. खूप जणांना वाटतं तिचा बाप राजा होता. तो कधीच राजा नव्हता. एडवर्ड, ड्यूक ऑफ केंट, हा तिसऱ्या जॉर्जचा चौथा मुलगा. आपल्याकडे भावकीत थोरली पाती, धाकटी पाती म्हणतात ना, इंग्लंडचा त्या वेळचा कायदा तसाच लावून बघा. थोरल्याची पाती पूर्ण संपेपर्यंत गादी पुढच्या भावाकडे सरकत नाही. एका पातीत मुलगा मुलीच्या आधी, मुलगी वयाने मोठी असली तरी. पण मुलगा नसेल तर मुलगी घेते, आणि थोरल्या भावाची मुलगी धाकट्या भावाच्या पुढे राहते. सगळी गंमत या शेवटच्या नियमात आहे. बोट ठेवून खाली उतरा. पहिला मुलगा, पुढे चौथा जॉर्ज: त्याची एकुलती एक मुलगी शार्लट ६ नोव्हेंबर १८१७ ला बाळंतपणात गेली, बाळ मृत जन्मलं होतं. पाती खुंटली. दुसरा, यॉर्क: मूलबाळ नाही, १८२७ मध्ये वारला. तिसरा विल्यम: एका नटीपासून दहा मुलं, पण लग्नाची नाहीत म्हणून गादीच्या हिशेबात शून्य. लग्नाच्या बायकोपासून झालेल्या दोन मुली, एक जन्मली त्याच दिवशी गेली, दुसरी तीन महिन्यांत. मग चौथ्याची पाती, आणि त्या पातीत ही एकटी. तिच्यानंतर पाचवा भाऊ कंबरलंड, तो पुतणीच्या मागे.

शार्लट गेली तेव्हा तिसऱ्या जॉर्जची बारा मुलं-मुली जिवंत होती, आणि कायद्याने मान्य असं एकही नातवंड नव्हतं. म्हणून पन्नाशीला टेकलेले ड्यूक घाईने नवरे झाले. कर्जबाजारी केंटने कोबर्गच्या घराण्यातली, दोन मुलांची विधवा आई असलेली व्हिक्टॉयर बायको केली. मूल इंग्लंडच्या भूमीवरच जन्माला यावं म्हणून बायकोला दिवस भरत आलेले असताना जर्मनीतल्या आमोरबाखहून गाडीरस्त्याने आणलं. २४ मे १८१९ च्या पहाटे केन्सिंग्टन पॅलेसमध्ये ही जन्मली. (त्याच सुईणीने तीन महिन्यांनी कोबर्गकडे आल्बर्टचं बाळंतपण केलं, तोच पुढे हिचा नवरा.) जन्मली तेव्हा गादीपासून पाचवी. आठ महिन्यांची होते न होते तोच बाप न्यूमोनियाने गेला, सहा दिवसांनी आजोबा गेले.

नावाचं ऐका. बाप्तिस्म्याच्या वेळी काकाने, म्हणजे तेव्हा राज्य चालवणाऱ्या रीजंटने, शार्लट, जॉर्जियाना, ऑगस्टा ही राजघराण्यातली नावं ठेवू दिली नाहीत. रशियाच्या झारवरून अलेक्झांड्रिना, आणि मागे आईचं व्हिक्टोरिया. घरात ती "ड्रिना". इंग्लंडच्या राणीला शोभेल असं एक नावही मुद्दाम दिलं नाही त्या माणसाने.

आणि ते बालपण! राजवाड्यातलं म्हणून हेवा करणाऱ्यांनी जरा बघा. अठरा वर्षं आईच्याच खोलीत झोपायचं. जिना उतरताना कुणाचा तरी हात धरायचाच. कुणाशीही एकटीने बोलायचं नाही. तेराव्या वर्षी रोजनिशी लिहायला लागली, ती आई वाचायची. सावत्र बहीण फिओडोरा हिच्यावर जीव टाकायची, तिचं १८२८ मध्ये लग्न लावून जर्मनीला पाठवलं. मग उरल्या लाकडी बाहुल्या, शंभराहून जास्त, आणि डॅश नावाचा स्पॅनियल कुत्रा. याला "केन्सिंग्टन पद्धत" असं नावही होतं. हे संगोपन नव्हे, हा तुरुंग आहे, आणि वेगळं काही म्हणणारा माझ्या यादीत कुणी असेल असं वाटत नाही. पोराला एक बंद करता येणारं दार तरी हवं की नको?

पद्धत आखणारा तोच, कॉनरॉय. कारण हिशेबाचं होतं. चौथा जॉर्ज १८३० मध्ये गेला, विल्यम गादीवर आला आणि ही थेट पुढची वारस झाली. त्याच वर्षी रीजन्सीचा कायदा झाला: ही अठराची होण्याआधी राजा गेला, तर आई तिच्या नावाने राज्य चालवेल. म्हणजे आईच्या मागे कॉनरॉय. राजा साठी ओलांडलेला, आजारी. फक्त वाट बघायची होती. पण राजा मरेना आणि मुलगी मोठी व्हायला लागली. आई रीजंट होण्याचा डाव हुकला तर हातात दुसरं काय, तर रॅम्सगेटचा तो कागद. म्हणून तिच्या तापाला थांबायला त्यांच्याकडे वेळ नव्हता.

आईची बाजू, बरं, सांगते. परक्या मुलखात नवरा कर्ज ठेवून गेलेला, इंग्रजी धड येत नाही, दीर तोंड बघायला तयार नाहीत, भाऊ लिओपोल्डच्या पैशांवर घर चाललेलं. अशा बाईला घर चालवून देणारा पुरुष आधार वाटला असेल. ठीक. पण आजारी लेकीच्या उशाशी लेखणी धरायला आधाराची गरज लागत नाही.

राजाला हे दिसत होतं. २१ ऑगस्ट १८३६ ला विंडसरला त्याच्या वाढदिवसाचं जेवण होतं, शंभरेक पाहुणे. ही आणि आई पंगतीला. म्हातारा उठला आणि सगळ्यांदेखत म्हणाला की देवाने मला आणखी नऊ महिने द्यावेत, म्हणजे रीजन्सी येणार नाही आणि राज्य थेट या मुलीच्या हाती जाईल, शेजारी बसलेल्या त्या बाईच्या नाही. मुलगी रडायला लागली. मला त्या म्हाताऱ्याचं कौतुक आहे आणि रागही येतो. भांडण मोठ्यांचं, आणि रडली कोण?

त्याने शब्द पाळला मात्र. मे १८३७ मध्ये पत्र पाठवलं: हिला स्वतःचे दरसाल दहा हजार पौंड आणि स्वतःचं वेगळं घरदार. राजाच्या दरबाराचा मोठा अधिकारी, लॉर्ड चेंबरलेन कनिंगहॅम, पत्र घेऊन आला, आईने हात पुढे केला, त्याने दिलं नाही, मुलीच्याच हातात ठेवलं. तरी उत्तर तिला हवं तसं लिहू दिलं नाही. नकाराचा मसुदा आई आणि कॉनरॉयकडून आला आणि तिने तो उतरवून सही केली. राजाने वाचून ओळखलं की हे व्हिक्टोरियाने लिहिलेलं नाही. या वेळी ती वाकली, हे खरं. वर्षाच्या दहा हजारांवर वाकली. चिटणिसाच्या कागदावर नाही. जूनमध्ये लॉर्ड लिव्हरपूलला मध्यस्थ म्हणून आणलं, त्यालाही तिने एकटीने भेटून तेच सांगितलं, कॉनरॉय चिटणीस नको. दीड वर्षाहून जास्त झालं होतं रॅम्सगेटला, उत्तर तेच.

२४ मे ला अठरा पूर्ण. २० जूनला पहाटे दोन वाजून गेल्यावर राजा गेला. मध्ये २७ दिवस. सत्तावीस! एवढ्या फटीतून ती निसटली, याला कुणी आयतं म्हणत असेल तर म्हणो.

कायदा तरीही तिला पुरतं सोडत नव्हता. राज्यारोहणाच्या जाहीरनाम्यात एक पुस्ती होती: दिवंगत राजाला त्याच्या राणीपासून पुढे मूल झालंच, तर त्याचा हक्क राखून. विधवा ॲडलेड चव्वेचाळीस वर्षांची. म्हणजे ही राणी झाली तीही काही महिने जर-तर वर. आणि जर्मनीतलं हॅनोव्हरचं राज्य गेलं. १७१४ पासून इंग्लंडचा राजा तोच हॅनोव्हरचा राज्यकर्ता होता, पण तिकडच्या कायद्यात पुरुष वारस असताना बाईला गादी नाही. १२३ वर्षांची जोडी त्या दिवशी तुटली आणि कंबरलंड काका तिकडे राजा झाला. एकच वंशावळ, दोन कायदे, दोन निकाल. इंग्लंडमध्ये मुलगा आधी हा नियम जायला २०१५ उजाडलं, आणि तोही २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांपुरता.

कुणीतरी लिहीलच की हिच्याच नावावर आपल्याकडे काय काय झालं. झालं. १८४८ मध्ये साताऱ्याचं दत्तविधान नामंजूर करून राज्य खालसा केलं तेव्हा तिकडे गादीवर हीच होती, भले कारभार कंपनीचा असेल. आपल्या पणज्यांच्या गाठोड्यातल्या राणीछाप रुपयावर हिचाच चेहरा. मी काही विसरलेले नाही. पण त्या हिशेबासाठी रॅम्सगेटच्या सोळा वर्षांच्या पोरीवर हसायची गरज नाही.

लिहिता लिहिता राग उतरला. आता फक्त २० जूनचा तो दिवस डोळ्यांसमोर येतो.

सकाळी सहाला आईने उठवलं. आर्चबिशप आणि कनिंगहॅम आलेले होते. ती ड्रेसिंग गाऊनवरच बैठकीच्या खोलीत गेली, एकटी. आई बाहेर राहिली. कनिंगहॅमने गुडघा टेकून हाताचं चुंबन घेतलं. नऊला पंतप्रधान मेलबर्न आला, त्यालाही ती एकटीच भेटली. साडेअकराला प्रिव्ही कौन्सिल, म्हणजे गादीच्या सल्लागारांची बैठक. रोजनिशीत हे "एकटी" पुन्हा पुन्हा आलंय, एका ठिकाणी तर ठळक करून. त्या दिवशीच्या कागदांवर अलेक्झांड्रिना व्हिक्टोरिया असं नाव घातलं होतं. तिने पहिलं नाव काढायला लावलं. चिटणिसाची जागा कुणालाच दिली नाही, ते काम मेलबर्नच बघू लागला. कॉनरॉयला सालाना तीन हजार पौंडांची पेन्शन मिळाली, सरदारकीच्या ऐवजी बॅरोनेटची पदवी मिळाली, तिच्या दारात पाऊल मात्र नाही.

त्याच दिवशी तिचा पलंग आईच्या खोलीतून हलवला. रात्रीचं जेवण तिने वरच्या मजल्यावर एकटीने घेतलं. मग जिना उतरून खाली गेली आणि आईला शुभरात्री म्हणून आली.