पूल जिंकायचा असेल तर नियम आधी विचारू नका

राजेहो, तान्ह्या पोळ्याला तालुक्याच्या गावी पूलची, म्हणजे टेबलावर स्टिकने बॉल पॉकेटात घालायच्या खेळाची, स्पर्धा आहे आणि तुम्ही फी भरून बसला आहात. आता रोज संध्याकाळी टेबलावर घाम गाळू नका. स्टिकवर हात बसायला वर्षं जातात. जीभ दोन दिवसांत तयार होते, आणि आपल्याकडच्या मॅचेस बहुतेक जिभेवरच निघतात.

खेळाआधी नियमाचा विषय काढायचाच नाही. आधी ठरवलं की तो नियम दोघांनाही लागू होतो, मग त्यात तुमचा फायदा काय? विचारायचं ते समोरच्याचा पांढरा बॉल (स्टिकने मारायचा तो) चुकून पॉकेटात गेल्यावर, आणि तेही चेहरा भोळा ठेवून. "काऊन भाऊ, तुमच्याइकडं व्हाइट गेला तं काय असते?" तो काहीही सांगो, तुम्ही म्हणायचं, "आमच्याइकडं दोन चान्स असते." ही दोन चान्सची पद्धत इंग्लंडातल्या पबमधल्या लाल-पिवळ्या बॉलच्या पूलची आहे आणि तुमच्या पुढ्यात एक ते पंधरा नंबरचे बॉल आहेत, पण एवढं कोण बघतं!

वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या नियमांत फाउल झाला (पांढरा पॉकेटात जाणं हाही फाउलच) की पांढरा बॉल समोरच्याच्या हातात, टेबलावर वाटेल तिथे ठेवून मारा. फाउल करणाऱ्याला तो महाग पडावा, एवढाच त्यामागचा हेतू. आपल्या गाळ्यांत मात्र पांढरा टेबलाच्या एका टोकाकडच्या रेषेच्या मागे ठेवायचा आणि पुढेच मारायचा. यात केवढी सोय आहे बघा. समोरच्याचे उरलेले दोन बॉल रेषेच्या मागे असले, की तुम्ही पांढरा बॉल खुशाल पॉकेटात घालवा आणि कपाळावर हात मारून घ्या. बिचाऱ्याचे दोन्ही बॉल पाठीशी, आणि त्याला मारायचंय पुढे! पलीकडच्या कुशनवरून आपटून आणला तर आणला. अशी सोय जगाने काढून टाकली, आपण जपून ठेवली आहे.

याउलट कोणी खरोखर नियमात राहून, आधी सांगून, पांढरा बॉल आडोशाला लपवला की ओरडा करायचा. 'सेफ्टी' पुस्तकात चालते, पण गाळ्यात त्याला लपवालपवी म्हणतात आणि असं खेळणाऱ्याला मर्द समजत नाहीत.

आठ नंबरचं, म्हणजे सगळ्यांत शेवटी घालायच्या काळ्या बॉलचं, तर विचारूच नका. ब्रेकलाच, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या पहिल्या फटक्यालाच, तो पडला तर एका गावात तुम्ही जिंकता, पाच कोसांवर त्याच बॉलने तुम्ही हरता. पुस्तकात यातलं काहीच नाही. आठ नंबर परत जागेवर ठेवून खेळ पुढे न्या, नाहीतर नव्याने ब्रेक करा, इतकंच. आठवर मारताना तो टेबलावरच राहिला आणि पांढरा गेला, तर पुस्तकात नुसता फाउल, आपल्याकडे गेम गेला. हे सगळं पाठ करून ठेवा, पण बोलू नका. तुमचा पांढरा जाईल त्या दिवशी आंतरराष्ट्रीय नियम मानायचे, समोरच्याचा जाईल त्या दिवशी गावचे.

एखादं शिकलेलं पोट्टं मोबाइलवर नियम उघडून दाखवेलच. घाबरू नका. स्नूकर, हा पूलसारखाच टेबलावरचा खेळ, जन्मला जबलपुरात, १८७५ मध्ये, इंग्रजांच्या फौजेत. तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच मध्य प्रांतात होते. म्हणजे खेळ घरचा, तेव्हा नियमही घरचेच. स्नूकर वेगळा आणि पूल वेगळा, हे त्या पोट्ट्याच्या लक्षात येईपर्यंत तुमचा चान्स मारून झालेला असतो.

आता खिलाडूवृत्तीबद्दल. मागच्या पोळ्याला एसटी स्टँडमागच्या गाळ्यात सेमीफायनल चालू होती. टेबलाच्या एका पायाखाली कवेलूचा तुकडा, त्यामुळे हळू मारलेला बॉल आपसूक उजव्या कोपऱ्याकडे वळायचा. (टेबलवाल्याचा भाचा त्याच कोपऱ्यातले शॉट घेत होता. तोच पंचही होता.) समोर खेड्यातून आलेला एक पोरगा, अंगात लांब बाह्यांचा पांढरा सदरा. वाकून नेम धरताना त्याची बाही अकरा नंबरला घासली. बॉल हलला असेल चण्याएवढा. कोणाला दिसलं नाही. पोरानेच स्टिक खाली ठेवली आणि हात वर केला. "माह्या बाहीचा लागला जी."

गाळा क्षणभर गप्प, मग हशा. पंच म्हणाला, "असं कोनी सांगते का बे?" आणि हसत हसत फाउल दिला, स्वतःच्याच फायद्याचा. पोरगा हरला, टेबलाचे पैसेही त्यानेच भरले, आणि तेव्हापासून त्याला सगळे 'अकरा नंबर' म्हणतात. शेफील्डच्या क्रुसिबल थिएटरात, जिथे १९७७ पासून स्नूकरची जागतिक स्पर्धा होते, पंचाला न दिसलेला फाउल खेळाडू स्वतः सांगतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात. तिथे हरणाऱ्याला टेबलाचं भाडं भरावं लागत नसावं.

तेव्हा खिलाडूवृत्ती दाखवायची ती जिंकल्यावर. समोरचा खिशातून नोटा मोजत असताना त्याच्या खांद्यावर हात ठेवा आणि म्हणा, "हारजीत चालूच असते भाऊ." हरलात तर टेबल वाकडं, चॉक ओला, आणि मघाशी लाइट गेली होती.

राहिली फायनल. स्पर्धेचं फ्लेक्स आधी नीट वाचा. त्यावर नियम एकही नसतो, पण खाली वर्गणीदारांचे फोटो असतात. समोरचा खेळाडू त्यांतल्या कोणाचा पुतण्या निघाला, तर उगाच आठ नंबरवरून वाद घालू नका. स्टेजवर जाऊन दुसऱ्या बक्षिसाचा टेबल फॅन लावून बघा, फिरतो का. मागच्या वर्षीचा फिरत नव्हता.