अर्ध्या मार्काचा अर्ज

काल तासभर सातवीच्या बाकावर बसून आलो. गुडघे अजून हनुवटीपाशीच असल्यासारखे वाटतात. भांडण अर्ध्या मार्काचं. लेकीने घटक चाचणीत 'पाणी'चा समानार्थी शब्द 'नीर' लिहिला आणि बाईंना 'जल' हवं होतं. "नीर चूक नाही हो, पण वर्गात आपण जल घेतलंय."

शेजारच्या बाकावर एक आजोबा. हातात चक्क भिंग.

"तुमचा किती गेला?"

"अर्धा."

"सुटलात. आमच्या नातवाला वीसपैकी वीस आहेत."

मी अभिनंदन केलं, तर म्हातारा उखडलाच. "अभिनंदन कसलं करताय? त्याच्या शेजारच्या कार्ट्यालाही वीस! मग आमच्या विसाला किंमत काय राहिली?" त्या कार्ट्याचा पेपर त्यांनी कुठून पैदा केला होता देव जाणे. त्यावर भिंग धरून म्हणाले, "हा म आहे की भ?"

मला म दिसला.

"नीट बघा."

नीट बघितल्यावर भ दिसायला लागला, खोटं कशाला बोलू!

"याचा अर्धा कापून तुमच्या मुलीला द्यायला सांगू? माझी हरकत नाही."

मी लगेच नाही म्हटलं नाही, हेही कबूल करतो.

तसा न्यायाचा आणि आमच्या शाळेचा संबंध जुनाच. गेल्या वर्षी प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदीत माझी मुलगी 'खेळात आवडीने भाग घेतो' होती. सगळ्या वर्गाला तीच नोंद, म्हणजे समानता म्हणायची. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या १७व्या कलमात मुलांना मानसिक त्रास देऊ नये असं लिहिलंय. पालकांबद्दल अवाक्षर नाही.

खरं तर अर्धा मार्क लेकीच्या खिजगणतीतही नव्हता. 'नीर पण चालतं ना, बाई?' असं तिने विचारलं, तेव्हा 'जास्त शहाणपणा नको' हे उत्तर सगळ्या वर्गासमोर मिळालं. तेव्हापासून ती काही विचारत नाही. त्याचा अर्ज कुठल्या खिडकीवर द्यायचा?

शेवटी माझा नंबर आला. बाईंनी अर्ज वाचला, लाल पेन काढलं आणि विषयाच्या ओळीतच गोल केला. मी 'पुर्नविचार' लिहिलं होतं.

"रफार वि-वर हवा. दुरुस्त करून उद्या आणा."

मी मान वळवली तर आजोबा माझ्या अर्जावर भिंग धरून उभे.

"न-वरच आहे," ते म्हणाले.