खाडीकाठच्या कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवताना

कोकणच्या किनाऱ्यालगतच्या महाविद्यालयांत बी.एस्सी. प्राणिशास्त्राच्या वर्गांना प्राणी-शरीरक्रियाशास्त्र, म्हणजे आपण सगळे ज्याला फिजिऑलॉजी म्हणतो तो विषय, ज्या पद्धतीने शिकवला जातो, त्याविषयी बरेच दिवस मनात असलेले आज सविस्तर लिहिते आहे. मी स्वतः हा विषय शिकवते आणि तो मला मनापासून प्रिय आहे. माझे म्हणणे असे, की आपल्याकडे हा विषय खाडीतल्या आणि समुद्रातल्या प्राण्यांपासून सुरू झाला पाहिजे. पाठ्यपुस्तकातला माणूस, उंदीर आणि बेडूक त्यानंतर यावेत. आज नेमके उलटे होते. मासे आणि कवचधारी प्राणी तुलनेपुरते एखाद्या परिच्छेदात येतात आणि परीक्षेच्या आधीच विसरले जातात.

शरीरातील क्षार आणि पाणी यांच्या समतोलाचा धडा घेऊ. समुद्रातल्या बहुतेक हाडांच्या माशांच्या रक्तातील क्षारता समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक-तृतीयांश असते. त्यामुळे त्यांच्या शरीरातले पाणी सतत बाहेर ओढले जाते. बांगडा असो की सुरमई, मासा समुद्राचे पाणी पितो, जादा मीठ कल्ल्यांतील विशेष पेशींमधून बाहेर टाकतो आणि लघवी अगदी थोडी करतो. मोरीने, म्हणजे लहान शार्कने, याच अडचणीवर वेगळाच मार्ग काढला आहे. जो युरिया आपले शरीर टाकून देते, तो ती रक्तात आणि मांसात साठवून ठेवते, इतका की तिच्या शरीरातील द्रव समुद्राच्या पाण्यापेक्षा किंचित अधिकच संहत होतो आणि पाणी बाहेर जाण्याऐवजी थोडे आतच येते. एवढ्या युरियाने प्रथिनांची घडण बिघडायला हवी, पण ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड नावाचे दुसरे संयुग तिच्या शरीरात असते आणि ते प्रथिनांना सावरते.

आता हे ज्या वर्गात सांगायचे, त्या वर्गात गाबीत, खारवी, दालदी, भंडारी घरांतली मुले-मुली बसलेली असतात. मोरी आणली की ती लगेच साफ करून रांधावी लागते, ठेवली तर तिला नवसागरासारखा उग्र वास सुटतो, हे त्यांना घरातूनच माहीत असते. तो वास म्हणजे जिवाणूंनी त्या साठवलेल्या युरियाचे विघटन करून तयार केलेला अमोनिया. ही एक गोष्ट वर्गात उघड केली, की आजवर पाठ करून लिहिलेले उत्तर त्या विद्यार्थ्यांना समजलेले असते आणि पुढचे प्रश्न ते स्वतः विचारू लागतात: मग नदीत शिरणाऱ्या शार्कचे काय होते, वाघळी या चपट्या माशाच्या मांसाला तसाच वास का येतो, आपले मूत्रपिंड युरिया का टाकून देते? मानवी मूत्रपिंडाकडे जाण्याचा याहून चांगला रस्ता मला ठाऊक नाही.

खाडी तर या विषयाची चालती-बोलती प्रयोगशाळा आहे. मे महिन्यात रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीचे मुखाकडचे पाणी जवळजवळ समुद्राइतके, म्हणजे दर हजार भागांत सुमारे ३५ भाग, खारट असते. जून-जुलैत काजळी नदी भरून वाहू लागली की त्याच पाण्याचा खारटपणा झपाट्याने उतरतो. मासेमारी बंदीच्या काळात, १ जून ते ३१ जुलै, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. खाडीतल्या प्राण्यांना मात्र हा बदल अंगावर घ्यावाच लागतो. कुर्ली, जिला उत्तरेकडे चिंबोरी म्हणतात, गोड्या पाण्यात आपल्या रक्तातील क्षार राखण्यासाठी कल्ल्यांतून मीठ आत ओढत राहते आणि त्यासाठी ऊर्जा खर्च करते. कालवाला (ऑयस्टरला) तसे करता येत नाही. ते शिंपले मिटून घेते, आणि बदल टिकला तर स्वतःच्या पेशींतील ग्लायसिन, अ‍ॅलॅनिन, टॉरिन यांसारखी द्रव्ये कमी करून बाहेरच्या पाण्याशी जुळते होते. पाणी पुन्हा खारट झाले की ही द्रव्ये पेशींत पुन्हा साठतात. ग्लायसिन आणि अ‍ॅलॅनिन चवीला गोडसर असतात. उन्हाळ्यातल्या कालवांची चव पावसाळ्यातल्या कालवांना येत नाही, असे घरातल्या जाणत्या बायका सांगतात. त्यामागचे एक कारण हे असू शकते. शिंपले मिटलेले असताना ऑक्सिजन मिळत नाही, तेव्हा हा प्राणी आपल्या स्नायूंप्रमाणे लॅक्टिक आम्लावर न थांबता सक्सिनेटसारखी द्रव्ये तयार करून अधिक काटकसरीने दिवस काढतो. ग्लायकोलिसिसचा, म्हणजे पेशीत ग्लुकोजचे विघटन कसे होते याचा, तक्ता भिंतीवर लावलेला असतोच. त्याच्या शेजारी कालवाचा हा फाटा काढायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

श्वसनासाठी निवटी आहे. ओहोटीच्या वेळी कांदळवनाच्या कडेला चिखलावर उड्या मारणारा हा मासा त्वचेतून आणि तोंडाच्या आतील रक्तवाहिन्यांनी भरलेल्या अस्तरातून हवेतला ऑक्सिजन घेतो, आणि त्यासाठी त्याला अंग ओले ठेवावे लागते. त्याच्या जवळच्या काही जातींत नर तोंडात हवा धरून चिखलातल्या बिळात नेऊन सोडतात, कारण तिथली अंडी ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात जगू शकत नाहीत. पाण्यातून जमिनीवर येताना श्वसनात कोणते बदल झाले असतील, यावर आपण उभयचरांचे चित्र दाखवून बोलतो आणि हा जिवंत मासा कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर असतो.

चेतासंस्थेविषयीही हेच. चेतातंतूतून विद्युत संदेश कसा वाहतो, हे हॉजकिन आणि हक्स्ली यांनी १९५२मध्ये दाखवले ते म्हाकुळाच्या (स्क्विडच्या) जातकुळीतल्या प्राण्याच्या जाड चेतातंतूवर, आणि १९६३मध्ये त्यांना नोबेल मिळाले. तो तंतू नुसत्या डोळ्यांनी दिसण्याइतका जाड असल्यामुळेच त्याच्या आत विद्युतअग्र (इलेक्ट्रोड) बसवता आले. जाळ्यात आलेला केंड मासा आपले मच्छीमार फेकून देतात, कारण तो विषारी असतो हे त्यांना पक्के ठाऊक आहे. त्याच्या गटातील माशांमधील टेट्रोडोटॉक्सिन हे विष चेतातंतूतील सोडियमचे मार्ग बंद करते, हे १९६४मध्ये नाराहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. केशवाहिन्यांवरील कामासाठी १९२०चे नोबेल मिळालेले डॅनिश शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग यांनी १९२९मध्ये मांडले होते, की शरीरक्रियेच्या बहुतेक प्रश्नांसाठी निसर्गात कुठेतरी असा एखादा प्राणी असतो, ज्याच्यावर तो प्रश्न सर्वांत सोयीने अभ्यासता येतो. त्या प्राण्यांपैकी कितीतरी आपल्या मासळीबाजारात रोज उतरतात.

येथे विच्छेदनाचा मुद्दा येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४मध्ये प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमांतील प्राण्यांच्या विच्छेदनावर बंदी आणली. ती योग्यच होती, असे मी आजही ठामपणे मानते. हजारो बेडूक केवळ जर्नल भरण्यासाठी मारले जात होते आणि त्यातून शरीराच्या क्रियेविषयी फार थोडे कळत होते. परंतु अनेक ठिकाणी या बंदीचा अर्थ प्रात्यक्षिकेच संपली असा घेतला गेला, आणि फिजिऑलॉजीचा तास संगणकावरच्या चित्रफितीवर आणि तयार आलेखांवर येऊन थांबला. याचे मला फार वाईट वाटते. क्रिया ही जिवंत प्राण्यातच असते, आणि ती पाहण्यासाठी त्याला इजा करावी लागत नाही. काचेच्या टाकीतल्या लहान माशाच्या कल्ल्यांवरची झाकणे मिनिटाला किती वेळा हलतात, हे पाणी थोडे कोमट झाल्यावर आणि पुन्हा थंड झाल्यावर मोजता येते. झाकणाच्या बाटलीत तिसऱ्या (खाडीतले लहान शिंपले) ठेवून पाण्यातला ऑक्सिजन तासाभरात किती कमी झाला, हे विंक्लरच्या पद्धतीने काढता येते. गढूळ पाण्यात कालवे ठेवली की पाणी किती वेळात निवळते ते नोंदवता येते. हे सारे करून प्राणी त्याच दिवशी जिथून आणले तिथे सोडता येतात. वेळासच्या किनाऱ्यावरील कासवांच्या बाबतीत तर लांबून पाहणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि तेवढेच योग्य आहे. पण वाळूच्या तापमानावर पिल्लांचे नर-मादी असणे ठरते, वाळू अधिक उबदार असेल तर माद्या अधिक होतात, हे घरट्याशेजारी उभे राहून ऐकलेला विद्यार्थी विसरत नाही.

यावर सहकाऱ्यांकडून दोन आक्षेप येतात. पहिला असा, की नेट-सेटसाठी आणि पॅथॉलॉजी लॅबमधल्या नोकरीसाठी मानवी शरीरक्रियाच लागते. हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांना पदवीनंतर लगेच कमावणे भाग असते. मात्र ज्याला मोरीचा युरिया समजला आहे, त्याला रक्ततपासणीच्या अहवालातला युरियाचा आकडाही समजतो, हे मी वर्गात पुन्हा पुन्हा पाहिले आहे. दुसरा आक्षेप साधनांचा. विंक्लरच्या पद्धतीसाठी मँगनीज सल्फेट, अल्कलाइन पोटॅशियम आयोडाइड, सल्फ्युरिक आम्ल, सोडियम थायोसल्फेट आणि स्टार्च लागते. ही रसायने रसायनशास्त्र विभागात मिळतात. तापमापक आणि तराजूही तिथेच मिळतात. कमी पडते ती वेळापत्रकातली सोय. ओहोटीची वेळ रोज साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते आणि कॉलेजचे प्रात्यक्षिक आठवड्याच्या ठरलेल्या वारी ठरलेल्या तासालाच असते.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आले आहेत. किनाऱ्यावरील महाविद्यालयांना त्यातला एक प्रोजेक्ट खाडीतल्या शरीरक्रियेवर, भरती-ओहोटीच्या वेळा पाहून, करण्याची मोकळीक अभ्यासमंडळाने द्यावी, आणि प्रात्यक्षिक परीक्षेत त्याच्या नोंदवहीला गुण असावेत. अमावास्येची कुर्ली भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. दोन्ही तिथींना बाजारातल्या कुर्ल्यांची रुंदी आणि वजन वर्षभर नोंदवले, तर हे खरे की नुसतीच समजूत, हे आमचेच विद्यार्थी सांगू शकतील. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या ज्या शिक्षकांना ही नोंद एकाच पद्धतीने सुरू करायची असेल, त्यांनी येथे कळवावे. मोजमापाचा तक्ता मी तयार केला आहे आणि तो पाठवीन.