‘आज सुरमई नाही’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मालवणातल्या एका खानावळीवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही म्हणता, "लेख वाचून मुद्दाम गेलो. सुरमई नाही म्हणाल्या, अर्धा तास बसवलं, दरफलक नाही, गाडी लावायला जागा नाही. तुम्ही घरचे, म्हणून तुम्हाला गोड लागतं. याला चव नाही, सवय म्हणतात. लोकांना फसवू नका."

दरफलकाचं मान्य. दर भिंतीवर लिहिलेले हवेत, आणि थाळी कितीला मिळते हे मीही लेखात द्यायला हवं होतं. चूक माझी. गाडी जरा लांब लावून पाच मिनिटं चाललं की झालं. उशीर होतो, कारण मासा तुम्ही सांगितल्यावर तव्यावर पडतो.

पण ‘फसवू नका’? खानावळ चालवणाऱ्या त्या काकींकडे मी आजवर सोलकढीचा एक पेलासुद्धा फुकट प्यालेलो नाही. मतभेद असू द्या. ओळखदेख नसताना माणसाच्या सचोटीवर बोट ठेवायची ही कुठली रीत? घरी आलेल्या पाहुण्याशी तुम्ही असंच बोलता का?

आता ‘सुरमई नाही म्हणाल्या’ याबद्दल. तुम्ही ही तक्रार म्हणून लिहिलीत. मी १९ वर्षं तिथे जातोय ते याच एका वाक्यासाठी.

माझी आजी टोपली घेऊन दारोदार मासळी विकायची. बांगड्याचा कल्ला उचलून बघायला तिनेच मला शिकवलं: लालभडक असेल तर घ्यायचा, विटकरी पडला असेल तर सोडायचा. गिऱ्हाईक अडून बसलं तरी तसला मासा ती देत नसे. पुढे हायवेवरच्या एका मोठ्या हॉटेलात मी हौसेने सुरमई थाळी घेतली. तासाभरात चेहरा लालबुंद, अंगभर खाज. डॉक्टरांनी कारण सांगितलं. सुरमई, बांगडा, कुपा हे मासे वेळेवर बर्फात गेले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामाइन नावाचं, अशी खाज आणणारं रसायन तयार होतं, आणि एकदा झालं की कितीही तळा, ते जात नाही. त्या हॉटेलात छापील मेन्यू होता, गाडीला जागा होती, आणि ‘नाही’ हा शब्द कुणाच्या तोंडात नव्हता.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना आपल्या किनाऱ्यावर मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांतही ज्यांच्याकडे रोज हवी तेवढी सुरमई मिळते त्यांना विचारा, ही आली कुठून आणि बर्फात किती दिवस होती. काकींकडे तेव्हा सुक्या बांगड्याची किसमूर असते, खाडीतले खेकडे असतात, एखाद्या दिवशी नुसती काळ्या वाटाण्याची उसळ. मी ती जेवून तितक्याच समाधानाने उठलो आहे. बंदराच्या लिलावात जे आलं तेच दुपारी ताटात, आणि मनासारखं आलं नाही तर तसं तोंडावर सांगायचं. गिऱ्हाईक गमावण्याची तयारी असलेलं हॉटेल मला या किनाऱ्यावर फार थोड्या ठिकाणी भेटलं.

आणि ‘तुम्ही घरचे’? पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाही तिथे कुणी ओळखत नव्हतं. मीही सुरमईच मागितली होती. उत्तर आलं, "सुरमय आज बरी नाय गावली. बांगडो आसा, ताजो." तिरफळं घातलेलं ते बांगड्याचं तिखलं खाऊन मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तेव्हा कसली सवय होती मला?

तुम्हालाही त्यांनी दुसरा काहीतरी मासा विचारलाच असणार, त्या विचारल्याशिवाय राहत नाहीत. तो तुम्ही खाल्लात की उठून गेलात? एवढ्या लांबलचक प्रतिक्रियेत हे कुठेच नाही. ते आधी लिहा, मग चवीबद्दल बोलू.