जिवतीच्या कागदावरील चार चित्रे आणि श्रावणाचे वार

श्रावण जवळ आला की जिवतीच्या कागदाचा, म्हणजे मुलांच्या रक्षणासाठी श्रावणात घरी लावून पुजतात त्या देवतांच्या छापील चित्राचा, ‘गूढार्थ’ सांगणारा एक संदेश घरोघरी फिरू लागतो. त्याचे म्हणणे असे : नृसिंह मुलांना घरातल्या संकटांपासून वाचवतो, कालियामर्दन करणारा कृष्ण घराबाहेरच्या, जरा-जिवंतिका या यक्षिणी दीर्घायुष्य देतात, आणि हत्तीवरचा बुध व वाघावरचा बृहस्पती हातातल्या अंकुश-चाबकाने मनाला व अहंकाराला आवरायला शिकवतात. ही मांडणी सुबक आहे, पण ज्या महिन्यासाठी हा कागद लावतात तो महिनाच तिच्यात नाही.

घरातली आणि बाहेरची संकटे ही विभागणी टिकत नाही. भागवतात प्रल्हादाला हत्तींपुढे टाकतात, सापांकडून दंश करवतात, उंचावरून लोटतात. हे सारे घरातले म्हणता येत नाही. कागदावर कालिया आहे तो श्रावण शुद्ध पंचमीला नागपंचमी असते म्हणून, आणि नृसिंह आहे तो श्रावणी शनिवारी त्याचे पूजन करतात म्हणून.

जरेविषयीची चूक अधिक खटकते. महाभारताच्या सभापर्वात ती यक्षिणी नव्हे, राक्षसी आहे. मगधाच्या बृहद्रथ राजाच्या दोन राण्यांना अर्धे अर्धे झालेले बाळ तिने सांधले, म्हणून त्याचे नाव जरासंध. त्याच प्रसंगी ती राजाला सांगते, की जो भिंतीवर मुलांसह माझे चित्र भक्तीने काढील, त्याच्या घराची भरभराट होईल. म्हणजे चित्र काढणे हीच इथे उपासना आहे. श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीला आघाडा-दूर्वांची माळ घालून, पुरणाचा नैवेद्य दाखवून आई मुलांना ओवाळते आणि दूर असलेल्या लेकरांसाठी चारी दिशांना अक्षता टाकते, ती याच चित्रासमोर.

बुध-बृहस्पतींचा अर्थ तर त्यांची कहाणीच सांगते, आणि ती बुधवारी-गुरुवारी आजही वाचली जाते. दारामागे दोन बाहुली काढावीत. संपत्ती हवी असेल तर पेटीवर, धान्य हवे असेल तर कोठीवर काढावीत, असे तीत सांगितले आहे. ज्या बायकांनी हे व्रत केले त्यांचे मागणे अन्नाचे होते, आणि ते अंकुश-चाबकाच्या रूपकाखाली झाकणे मला त्यांच्यावर अन्याय वाटतो.

चित्रांचा क्रम वारांप्रमाणे नाही, शनिवारचा नृसिंह सर्वांत आधी येतो, हे मान्य आहे. तरीही चारही चित्रांना श्रावणात आपापला दिवस आहे, आणि भिंतीवर, दारामागे, कोठीवर हाताने काढायची ही दैवते छापखान्यामुळे एकाच कागदावर मिळू लागली.